झालंच म्हण

कोल्हापूर
१४ जानेवारी १९७३, संक्रांत

तीर्थस्वरूप दादास,

गोरखचा इथूनच पाया पडून नमस्कार. सोबत पुडीत तिळगूळ आहे. पोस्टात त्याचा चुरा होणार हे धरूनच खा.

लंकाला सांग, काकाचं पत्र ओट्यावर सगळ्यांसमोर वाचायला हरकत नाही, पण हातवारे करून वाचू नकोस. मागच्या पत्राला तिनं माझी नक्कल केली म्हणे, आणि तुझ्याकडून खांदा बसवून घेतलेला म्हातारा इतका हसला की पुन्हा बसवायची पाळी आली. लंकाच्या अंगात हे कुठून आलं ते वहिनीला विचार, मला विचारू नकोस.

आप्पांच्या तेराव्यानंतर मी घर सोडलं, तेव्हापासून तू मला स्वतःहून एक शब्द धाडलेला नाहीस. येतं ते लंकाचं कार्ड. त्यात शेवटी ‘दादा बरे आहेत’ एवढं असतं आणि तेवढ्यावर मी महिना काढतो. हाडं बसवायची विद्या सोडून तोंडाला रंग फासायला गेला, हा तुझा राग मला समजतो. पण माझ्या हाताला गुण नव्हता, हे आप्पाही म्हणायचे.

सिनेमा पुरा झाला. मी पुन्हा पाटीलच. आमच्या सिनेमातल्या पाटलाला काम काय, तर दिसेल तिचा पदर ओढायचा, मिशीला पीळ भरायचा आणि मान मागे टाकून हसायचं. आधीच्या दोन्ही सिनेमांत मी असाच हसलो. सांगलीला थेटरात लोकांत बसून बघितलं, तर पोरं माझ्याबरोबर हसत होती आणि शेंगा खात होती. ज्याच्याकडे बघत शेंगा खाता येतात तो कसला खलनायक?

या वेळी आमच्या दिग्दर्शकांनी तोंडावरच सांगितलं, गोरख, तुला बघून भीती वाटत नाही, करमणूक होते. मला ते लागलं. खोलीवर येऊन विचार करत बसलो, की आपण जन्मात खरे भ्यालो कधी. गुरुजींच्या छडीला काही भ्यालो नाही, छडी दिसली की पळायचं एवढंच. ओरडणाऱ्या माणसाची भीती टिकत नाही दादा, कारण तो काय करणार ते त्यानं आधीच सांगितलेलं असतं. भीती वाटते ती मायेनं बोलणाऱ्याची. आपण होऊन आपला हात ज्याच्या हातात देतो, त्याची.

मग मी मिशी काढून टाकली, हसणं टाकलं आणि वेगळंच काही केलं. साड्या सांभाळायला बसलेली बाई उठून बाहेर गेली. दिग्दर्शक साहेब म्हणाले, हे कुठून आणलंस? मी म्हणालो, सुचलं.

फाल्गुनात मढीच्या यात्रेला तंबूत हाच सिनेमा लागणार असं ऐकतो. तू जाऊ नकोस. दुष्काळाचं साल, धुरळा फार असणार, आणि तुझे डोळे तसेही चुरचुरतात. वहिनीला जायचं तर जाऊ दे.

तुझा धाकटा,
गोरख


कोल्हापूर
३० मार्च १९७३

ती. दादास, साष्टांग नमस्कार.

लंकाचं कार्ड मिळालं. इतकं बारीक लिहिलंय की वाचायला दोघांचे चष्मे मागून आणावे लागले.

तू गेलास तर. मी नको म्हटलं म्हणूनच गेलास, हे मला कळायला हवं होतं. लंका लिहिते, की मी सिनेमात कुंभाराच्या पोराला समोर बसवलं, हातावर तेल घेऊन त्याच्या मनगटाला चोळायला लागलो, तेव्हा तंबूतली आपल्या बोरटाकळीची सगळी माणसं पडदा सोडून तुझ्याकडे बघायला लागली. आणि मी तोंड उघडल्यावर तू उठलास तो थेट गाढवांच्या बाजारात जाऊन बसलास, गाड्या जुंपेपर्यंत.

आता पोरं तुला बघून ‘पाटील आला’ म्हणून पळतात, हे वाचून मी आधी हसलो. तुझ्यासारख्या माणसाला बघून पळायचं, जो विंचूसुद्धा चिमट्यात धरून बांधाबाहेर सोडतो. मनाला लावून घेऊ नकोस. मागे बहुरूपी आला होता, तेव्हाही पोरं आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती. पुढे त्याच पोरांनी त्याची नक्कल केली. ही पण विसरतील. सिनेमा म्हणजे काय, उजेड नि पडदा.

चहाच्या गाड्यावरसुद्धा लोक आता मला जरा लांबूनच नमस्कार करतात. दिग्दर्शक म्हणतात, पाटील गाजला. तुला खरं सांगतो, लंकाच्या कार्डातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘त्या वेळी तंबूत कुणी शेंगा खाल्ल्या नाहीत.’

ओट्यावर माणसं येतात ना रे? लंकानं त्याबद्दल काहीच लिहिलं नाही.

गोरख


कोल्हापूर
२२ एप्रिल १९७३

लंका, हे पत्र ओट्यावर वाचू नकोस. दादा एकटा असेल तेव्हा वाच. मध्ये तुला रडू आलं तरी थांबू नकोस.

दादा,

बनूचं कळलं.

कारभारीची बनू, म्हणजे मी आलो की माझ्या खिशातल्या गोळ्या हुडकायची तीच ना? कारभारी माझ्या वर्गातला. दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायचा, यंदा कारखान्याचं काही खरं नाही म्हणून पाझर तलावाच्या कामावर राहिला, आणि त्याच कामावर मातीची पाटी घेऊन बनू भरावावरून घसरली. लंकानं सगळं लिहिलंय. मी तुझ्याकडूनच ऐकल्यासारखं पुन्हा लिहितो, म्हणजे मला चुकवता येणार नाही.

कारभारीनं तिला तुझ्याकडेच आणली. दुसरीकडे नेण्याचं त्याच्या मनातही नव्हतं. तू तेल कोमट केलंस, हात हातात घेतलास, आणि आप्पा म्हणायचे तेच म्हणालास. ‘डोळं मिट, सोन्या.’ तेवढ्यावर पोरीनं अंग लाकडासारखं ताठ केलं. तुझ्या मनगटाला कडकडून चावली. दोघांनी धरली तर आणखीच ताठली. ताठलेल्या हाताला तू हात लावत नाहीस, म्हणून तू बाजूला झालास. मग घाबरून कारभारीनं तिला कुठल्या तरी दुसऱ्याकडे नेली, त्यानं दामटून बांधली, आणि आता हात वाकडा जुळलाय. भाकरी थापता येणार नाही, असं वहिनी म्हणते.

मी सुचलं म्हणालो होतो. मला काही सुचलं नव्हतं.

आप्पा तुला शिकवत होते तेव्हा मी दाराआड उभा असायचो. हाड जोरानं बसत नसतं, असं ते म्हणायचे. माणसानं अंग सैल सोडलं की ते आपलं आपण घरी जातं. हात कुणालाही शिकवता येतो, सैल करायचे शब्द तेवढे आपल्या घरचे. मी चिंचेवरून पडलो होतो तेव्हा आप्पा शेवगावला गेलेले. तूच बसवला माझा हात, मिसरूडही फुटलेलं नव्हतं तुला. ‘डोळं मिट, सोन्या. झालंच म्हण.’ मी डोळे मिटले, तू ‘झालंच’ म्हणालास आणि खरंच झालेलं होतं. हाड बसलं की मगच तू ते म्हणतोस. सोन्या म्हणतोस आणि खोटं बोलत नाहीस, ते तुझं इमान.

सिनेमात मी कुंभाराच्या पोराला सोन्या म्हणालो. तसंच तेल, तशीच मान कलती, तसाच आवाज. त्यानं डोळे मिटले. मी ‘झालंच म्हण’ म्हणालो आणि थांबलो. काहीच केलं नाही. तेल चोळत राहिलो. तंबूतल्या प्रत्येक माणसानं आपापला हात पोटाशी घेतला असेल. एवढा वेळ थांबलो की शेवटी मी मनगट मोडलं तेव्हा लोकांना सुटल्यासारखं झालं. दिग्दर्शक म्हणतात, सगळी कमाल त्या थांबण्यात आहे.

ते थांबणं तेवढं माझं. बाकी सगळं तुझं आहे, आणि आता पोरांना तुझ्या तोंडून माझं थांबणं ऐकू येतं.

घरचा नेम मला माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. जखमीच्या घरचा चहासुद्धा आप्पांनी कधी घेतला नाही. कानिफनाथाला नारळ, बस. मोल घेतलं की हाताचा गुण जातो. मी मोल घेतलं. फक्त गुण गेला तो तुझ्या हाताचा, माझ्याकडे जायला काही नव्हतंच.

माफी मागायचं पत्र लिहायला बसलो होतो, हे असं झालं. नव्या कामाचं बोलणं चालू आहे, त्याबद्दल पुन्हा लिहीन.

गोरख


कोल्हापूर
९ मे १९७३

दादा,

एवढ्या वर्षांत तुझा म्हणून पहिला निरोप आला. लंकानं तुझ्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलंय. ‘गोरखला म्हनावं, तुला ते शबूद लागत्यात तर ठिव. मी मुक्यानं बशिवतो.’

मला वाटलं होतं तू शिव्या घालशील. मी त्याची तयारी करून बसलो होतो, उत्तरंसुद्धा जुळवली होती. शिवी दिली असतीस तर मी उलट बोललो असतो, भांडलो असतो, दिवाळीला कपडे घेऊन आलो असतो. हे असं दान केल्यासारखं का दिलंस?

खाली लंकानं स्वतःचं लिहिलंय. तू आता बोलतच नाहीस. तेल लावतोस आणि खाली मान घालून बसतोस. आणि माणसं म्हणतात, बोलत होता ते परवडलं. मी या धंद्यात आहे दादा, मला हे आधी कळायला हवं होतं. गप्प बसलेल्या माणसाकडे बघताना ज्याच्या मनात जे भय असतं ते तो स्वतःच भरतो. तू गप्प बसलास आणि तिथे आपोआप माझा आवाज जाऊन बसला.

मागच्या पत्रात ‘बोलणं चालू आहे’ लिहिलं ते खोटं होतं. बनूची बातमी आली त्याच्या आदल्याच दिवशी मी होकार देऊन बसलो होतो. नव्या सिनेमातही पाटील, आणि पुन्हा तेच शब्द, एकदा नव्हे, तीन ठिकाणी. लोक त्याचसाठी येतील म्हणतात. बातमी आल्यावर नाही म्हणायला हवं होतं. मी दोन आठवडे रोज उद्या सांगू म्हणत राहिलो. तुला पत्र लिहिलं तेव्हाही होकार खिशातच होता, आणि मी तुला इमान शिकवत होतो.

काल नाही म्हणून आलो. साहेबांनी विचारलं, मग पाटील काय म्हणणार? मी म्हणालो, ते शब्द माझे नाहीत, माझ्या भावाचे आहेत. ते हसले. म्हणाले, गोरख, ते आता पाटलाचे आहेत, पाटील तू नसलास तर दुसरा कुणी होईल. आणि बहुतेक होईलच. तेव्हा मी ते परत आणून तुझ्या हवाली करीन असं वाटत असेल तर ते होत नाही. एवढं सांगून ठेवतो.

मी गावाला येतोय. तू बोलू नकोस. मी ओट्याच्या खाली बसेन.

गोरख


कोल्हापूर
५ जून १९७३

ती. दादास, पाया पडून नमस्कार.

सुखरूप पोचलो. पाथर्डीपासून नगरपर्यंत एस.टी.त उभा होतो. एका बाईनं मला ओळखलं आणि आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

ओट्यावर जे झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं, मग लिहायचं काय, असं म्हणशील. पण माझे डोळे मिटलेले होते. मला काय कळलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

भीमाबाई नातीला घेऊन आली तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. पोरीचं कोपर निखळलेलं, तो हात तिनं दुसऱ्या हातानं धरलेला. ओट्यावर तू, पायरीवर मी. मला बघून तिचं रडणंच बंद झालं. बंद झालं म्हणजे बरं नव्हे, भीतीनं घशातच राहिलं. भीमाबाई मागं वळली. मला वाटलं आता ही पण वाकडी होणार, आणि मी उठून मागच्या दारानं जायला निघालो.

तू म्हणालास, ‘कुटं निघाला? बस हितं. हात दे.’

मला वाटलं भीमाबाईसमोर माझी शोभा करणार. करावी, म्हणून बसलो. तू माझ्या हाताची बाही वर केलीस आणि त्या पोरीला म्हणालास, ‘ह्यो बग पाटील. चिचंवरनं पडला हुता. लई रडला हुता. हितं गाठ हाय, हात लावून बग.’ पोरीनं आपल्या चांगल्या हाताचं एक बोट माझ्या जुन्या गाठीवर ठेवलं. मग तू वाटीतलं तेल माझ्या मनगटाला लावलंस आणि म्हणालास, ‘डोळं मिट, सोन्या.’

दादा, माझं काही मोडलेलं नव्हतं. पस्तिशीचा घोडा मी. ओटा आपला, माणूस आपला, हात धड, आणि तरी मी घाबरलो, कारण पुढे काय येतं ते मला ठाऊक होतं. मी थांबलो होतो तसा तू थांबशील, असं वाटलं. डोळे मिटल्यावर मला तंबूतला अंधार दिसला. सेटवर मी कुंभाराचं पोर झालेल्या त्या मुलाला डोळे मिटायला लावले होते, तेव्हा त्याच्या पापण्या थरथरत होत्या, आणि मी मनात म्हटलं होतं, काम छान करतोय.

मग अगदी जवळून तुझा आवाज आला, ‘झालंच म्हण.’ आणि कट् झालं. माझ्या हाताला काहीच लागलं नाही. मी ओरडलो मात्र. मोठ्यानं ओरडलो. आणि भीमाबाईची नात हसली.

डोळे उघडले तर तू तिच्या दंडावर फडकं गुंडाळत होतास. शब्द मला म्हणालास, हात तिचा बसवलास. ती पाटलाचं भ्यालेलं तोंड बघण्यात इतकी गुंग झाली होती, की तिचं अंग कधी सैल झालं ते तिलाही कळलं नाही. लंकाचं कार्ड माझ्या मागोमाग आलं, आता रोज माझ्या जागी ती डोळे मिटून बसते आणि खोटं ओरडते, आणि ओट्यावर माणसं यायला लागलीत. ते ऐकून बरं वाटलं. आणि आपलं इतक्या वर्षांचं भांडणही त्या तेलाबरोबर संपलं, असं मी धरून चाललो होतो. जेवताना तू माझ्या ताटात दुसऱ्यांदा ठेचा वाढलास, तेव्हा तर पक्कंच.

पण एक तुला सांगायचं राहिलं. सांगायचं टाळून मी गाडीत बसलो, म्हणून हे पत्र.

निघायच्या दिवशी तू मळ्यात होतास. मी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होतो, तर बनू आली. डाव्या कमरेवर कळशी, उजवा हात परकराच्या ओच्यात लपवलेला. पळाली नाही. लांब उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. भीमाबाईच्या नातीचं तिनं ऐकलं असणार, सगळ्या गावानं ऐकलंय. मग कळशी खाली ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

तिनं तो हात बाहेर काढला. मी तो तोवर बघितला नव्हता. तुझ्याकडे दोन दिवस होतो आणि कारभारीच्या घरावरून जायचं चुकवत होतो. मनगटाच्या वर तो असा बाहेर वळलाय, की धरायला कुठून जावं ते कळत नाही.

‘माजा बी बशिवता का?’ तिनं विचारलं.

आणि मी काही म्हणायच्या आत तिनं हात पुढे केला आणि आपले आपण डोळे मिटले. अंग अगदी सैल सोडून. तुला हवं असतं तसं.

तुझ्या हातात ती असती तर तुला जमलं असतं का रे आता? मला माहीत नाही. नगरच्या डॉक्टरांना दाखवायचं मी कारभारीला चिठ्ठीत लिहिलंय, ते पुन्हा मोडून सरळ करता येतं का ते सांगतील, आणि तिला घेऊन जायला मीच येणार आहे. पण ते नंतरचं. त्या वेळी तिच्यासमोर मी उभा होतो. ती वाट बघत होती. पापणी हलत नव्हती. सगळ्या महाराष्ट्राला मी तेवढ्या थांबण्यानं भिववलं होतं, आणि ती पोर तिथे उन्हात विश्वासानं थांबली होती. मला आपले शब्द आठवत होते. ओठावर आले होते.

‘डोळं उघड, बनू,’ मी म्हणालो. ‘मला येत न्हाई.’

तुझा,
गोरख